मिनिकॉयच्या किनाऱ्यावर सहा तास

माझ्या भाचीचा निकाह ठरला तेव्हा तिने एकच अट घातली. निकाह समुद्रकिनाऱ्यावर व्हायला हवा. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, दारासमोर खाडी, दहा मिनिटांवर समुद्र. त्यामुळे सुरुवातीला कुणालाच त्यात अवघड काही वाटलं नाही. मग तिने किनाऱ्याचं नाव सांगितलं : मिनिकॉय, लक्षद्वीप.

मुंबईच्या एका प्रवास एजंटने तिला सगळा आराखडा करून पाठवला होता. जहाज सकाळी बेटाजवळ थांबतं. होड्यांतून प्रवासी उतरतात आणि दुपारी परत जहाजावर येतात. मधल्या सहा तासांत वाळूवर छोटा मांडव, निकाह, जेवण आणि फोटो. दोन्हीकडची मिळून चोवीस माणसं. गावात जेवणावळीला जो खर्च होतो, त्यापेक्षा फार जास्त नाही, असं त्यात खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

नवरदेव कतारमध्ये नोकरीला, सुट्टी वीस दिवसांची. त्याची काही हरकत नव्हती. हरकत होती ती माझ्या अम्मीची, म्हणजे मुलीच्या नानीची. वय ७८, दोन्ही गुडघे दुखरे. ती बोलली मात्र एवढंच, "मी आले नाही तरी चालेल. दुआ कुठूनही पोहोचते." ज्या सुरात ती हे म्हणाली, त्यावरून काय चालेल आणि काय चालणार नाही ते घरात सगळ्यांना कळलं.

पोरीचा हट्ट फॅशनचा असता तर मीच तिला दोन शब्द सुनावले असते. पण तो तसा नव्हता. तिचे मरहूम अब्बा, माझे मेहुणे, मालवाहू जहाजावर सारंग होते. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांसारखंच हे घर : बाप वर्षातले नऊ महिने समुद्रावर, आणि मुलं त्याला फोनवरच्या आवाजाने ओळखणारी. ती अकरा वर्षांची असताना एका सफरीत हृदयविकाराने त्यांचा इंतकाल झाला. दफन परक्या बंदरातल्या कबरस्तानात झालं. फातिहा पढायला जावं अशी कबर आम्हाला गावात नाही.

ते मुलांना नेहमी एक गोष्ट सांगायचे. सिंगापूरहून आखाताकडे जाताना एका रात्री मिनिकॉयचा दिवा दिसतो. सगळ्या सफरीत घराच्या सर्वांत जवळचा दिवा तोच. पण जहाज तिथे थांबत नाही. "एकदा तिथे उतरायचंय," असं ते म्हणायचे. ते राहून गेलं. भाचीच्या मनात ते बेट तेव्हापासून होतं.

म्हणून मी ठरवलं की आधी जाऊन जागा पाहून यायची. दिवाळीची सुट्टी होती, आणि लक्षद्वीपचा पर्यटनाचा हंगामही पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतो. मी, माझी बहीण, भाची आणि तिचा वीस वर्षांचा धाकटा भाऊ असे चौघे निघालो. भावाचं येणं सोबतीपुरतं नव्हतं. आपण कोकणातले बहुतेक शाफई. मुलीच्या निकाहाला वली हवाच. वडील नाहीत, दादा नाहीत, म्हणजे वली तोच. ज्या मुलाला आम्ही कालपर्यंत दूध आणायला पाठवत होतो, त्याच्या तोंडून बहिणीचा निकाह व्हायचा होता. जागा त्यानेही पाहायला हवी होती.

रत्नागिरीहून एर्नाकुलमला जाणाऱ्या गाडीचं नावच मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस. गाडी अर्थातच एर्नाकुलमलाच संपते, पुढचे सुमारे ४०० किलोमीटर समुद्र आहे. लक्षद्वीपला मनात आलं आणि गेलं असं होत नाही. बाहेरच्या प्रत्येक माणसाला आधी प्रवेश परवाना काढावा लागतो. आम्ही घेतलेली सहल 'समुद्रम' नावाची, पाच दिवसांची. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर. कल्पेनी, मिनिकॉय आणि कवरत्ती अशी तीन बेटं. निकाहाचा आराखडा याच पद्धतीवर बेतलेला होता. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले तेव्हापासून या बेटांची चौकशी फार वाढली, आणि किनाऱ्यावरच्या लग्नांचीही.

वाचकांसाठी थोडी माहिती. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं मोजतात, त्यांपैकी १० बेटांवर वस्ती. सगळी जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास, आणि त्यांतले ९६ टक्क्यांहून अधिक मुसलमान. तेही आपल्यासारखेच शाफई. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे. जहाजाच्या डेकवर मी आणि बहीण जोहर-असर कसर करून, जमा करून पढलो, तेव्हा शेजारी कवरत्तीच्या दोन बायका अगदी तशीच नमाज पढत होत्या. सलाम फेरल्यावर आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो. भाषा एकही सारखी नव्हती.

पहिलं बेट कल्पेनी. सकाळी डोळे उघडले तर समोर नारळांची एक रेघ आणि तिच्याअलीकडे फेसाची पांढरी किनार. ती किनार म्हणजे प्रवाळाचा कडा. कड्याच्या आत सरोवरासारखं शांत, फिकट निळं पाणी. जहाज कड्याच्या बाहेर, खोल पाण्यात उभं राहिलं. तिथून होडीत उतरायचं. जहाजाच्या कुशीतलं दार उघडतात, खाली होडी येते. लाट आली की होडी कमरेएवढी वर येते, लाट गेली की तेवढीच खाली जाते. दोन खलाशी तुमचे दंड धरतात आणि योग्य क्षणी म्हणतात, "आता." त्या क्षणी पाय टाकायचा. माणसं सराईत आहेत, आणि लाइफ जॅकेटही असतं. तरीही माझ्या पोटात गोळा आला. मला अम्मीचे गुडघे आठवले. मग वधूचा शरारा आठवला.

त्या दिवशी लाटा जास्त होत्या. साडेआठला सुरू व्हायचं उतरणं अकरा वाजून गेल्यावर सुरू झालं. घाई न करण्यातच शहाणपण होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण परतायची वेळ तीच राहिली. सहा तासांचे साडेतीन झाले. भाचीने पिशवीतून तो आराखडा काढला, त्यातली वेळापत्रकाची ओळ वाचली आणि कागद घडी करून ठेवून दिला. मी काही बोलले नाही.

कल्पेनीत पाहिलं ते मात्र मनात राहिलं. पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा मोठा बांध आहे. १८४७ च्या वादळाने तो तिथे आणून टाकला असं मानतात. मुलींना शाळेत पाठवणं जिथे गैर समजलं जाई, त्या काळात या बेटांपैकी कल्पेनीतल्या मुली पहिल्यांदा शाळेत गेल्या. शिक्षिकेला याहून चांगली बातमी काय हवी?

या बेटांवर घर आईच्या बाजूने चालतं. नवरा लग्नानंतरही आपल्या आईच्या घरचा राहतो आणि रात्री बायकोच्या घरी येतो, अशी जुनी रीत. मालमत्तेचेही दोन भाग करतात. आईकडून चालत आलेल्या सामाईक मालमत्तेला शुक्रवारची मालमत्ता म्हणतात. माणसाने स्वतः कमावलेली ती सोमवारची मालमत्ता, आणि तिची वाटणी शरीयतप्रमाणे होते. माझी बहीण हे ऐकून बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "आमच्याकडेही घर मीच चालवलं. पण त्याला कुणी वार दिला नाही."

दुसऱ्या दिवशी मिनिकॉय. हे बेट बाकीच्यांपासून दूर, पार दक्षिणेला आहे. मध्ये नाइन डिग्री चॅनेल नावाचा रुंद जलमार्ग, आणि पलीकडे एट डिग्री चॅनेल ओलांडला की मालदीव. ही नावं अक्षांशांवरून पडली आहेत. पूर्वेकडून आखाताकडे जाणारी कितीतरी जहाजं याच टापूतून जातात, म्हणून तर १८८५ साली इथे दीपगृह बांधलं गेलं. माणसांची भाषा मलयाळम नाही, महल आहे, मालदीवच्या दिवेहीची बहीण. आणि इथले पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून जात आले आहेत. हे आम्हाला वाचून माहीत होतं, पण त्याचा अर्थ तिथे गेल्यावर कळला.

त्या दिवशी समुद्र शांत होता. नऊच्या आधीच आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो. भाचीने चपला काढल्या आणि वाळूत उभी राहिली. पांढरी वाळू, वाकलेले माड, मागे पांढराशुभ्र उंच दीपस्तंभ. खरंच, निकाहासाठी याहून देखणी जागा मी पाहिलेली नाही. बहिणीने पदर डोळ्यांना लावला. मीही मनात म्हटलं, होऊ दे पोरीच्या मनासारखं, अम्मीला कसंही समजावू.

मग आम्हाला गाव दाखवायला नेलं. मिनिकॉयमधल्या वस्त्यांना 'अवाह' म्हणतात. प्रत्येक अवाहचा आपला निवडलेला प्रमुख असतो आणि आपलं सामाईक घर असतं, तिथे गावकीची कामं होतात. शर्यतीच्या लांबलचक रंगवलेल्या होड्याही अवाहच्या मालकीच्या. गल्ल्या इतक्या स्वच्छ की माझ्या शाळेच्या वऱ्हांड्याची मला लाज वाटली.

तिथल्या शाळेतल्या एक शिक्षिका आमच्याबरोबर होत्या. हिंदी चांगलं बोलत होत्या. मी उर्दू शिकवते म्हटल्यावर त्यांनी माझ्या वहीत भाचीचं नाव त्यांच्या ताना लिपीत लिहून दाखवलं. ही लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाते, आणि तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून घेतलेली आहेत. म्हणजे नाव लिहिलं की हिशेबाची ओळ लिहिल्यासारखं दिसतं. आम्ही दोघी मास्तरणी त्यावर पुष्कळ हसलो.

मी त्यांना निकाहाचा बेत सांगितला. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. "माशाअल्लाह," म्हणाल्या आणि मग अगदी सहज विचारलं, "गावातलं कुणाला बोलावलंत?"

मी गडबडले. म्हटलं, आमची ओळखच नाही कुणाशी. आमची चोवीस माणसं येतील आणि निकाह करून जातील.

"हां," त्या म्हणाल्या. "पण किनारा तर गावाचाच आहे ना. तुमच्या गावात बाहेरची माणसं आली, तुमच्या मशिदीसमोर निकाह केला, जेवली आणि कुणाला न सांगता निघून गेली, तर तुमच्या वडीलधाऱ्यांना काय वाटेल?" त्यांच्या आवाजात राग मुळीच नव्हता. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. माझ्याकडे नव्हतं.

मग इतर गोष्टी निघाल्या. बेटावर भाजीपाला मुख्य भूमीवरून जहाजाने येतो. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, जास्त उपसलं की खारं पाणी वर येतं. म्हणूनच कवरत्तीला २००५ मध्ये आणि मिनिकॉयला २०११ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प उभारावे लागले. चोवीस माणसं म्हणजे काही फार नव्हेत, पण दर जहाजाबरोबर एक वरात आली तर? मांडवाचे खांब, फुलं, प्लॅस्टिक, उरलेलं अन्न, हे कुठे जाणार? बेट चार-पाच चौरस किलोमीटरचं. टाकलेली वस्तू नजरेआड करायला तिथे जागाच नाही.

एका घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आयुष्यभर जहाजावर काम करून घरी आलेले. शिक्षिकेने त्यांना आमच्याबद्दल सांगितलं. रत्नागिरी हा शब्द ऐकताच ते उठून बसले. "रत्नागिरीवाले? बहोत थे हमारे साथ जहाज पे." मग त्यांनी आमच्या तालुक्यातल्या दोन-तीन गावांची नावं घेतली, आपण घेतो तशीच. भाचीने त्यांना अब्बांचं नाव आणि जहाजाचं नाव सांगितलं. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं आणि प्रामाणिकपणे मान हलवली. नाही, ओळखत नव्हते. पण हात वर केले, आणि त्या अनोळखी खलाशासाठी मगफिरतीची दुआ केली. आम्ही सगळ्यांनी आमीन म्हटलं. भाचाही म्हणाला, आणि माझ्या लक्षात आलं की त्याने बापासाठी इतक्या मोठ्याने आमीन म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी परत होडीत, परत जहाजावर. संध्याकाळी जहाज निघालं. मगरिब पढून आम्ही डेकवर आलो तेव्हा बेट दिसेनासं झालं होतं. काळोखात फक्त दिवा दिसत होता. फिरत यायचा, आमच्यावरून जायचा, परत काळोख. बहीण आणि भाची कठड्याला धरून उभ्या होत्या. कुणी काही बोलत नव्हतं. बऱ्याच वेळाने भाची म्हणाली, "खाला, अब्बांनी हे असंच पाहिलं असेल. जहाजावरूनच."

"हो."

"त्यांना किनारा दिसलाच नाही. मी उगाच किनारा धरून बसले होते."

मी तिला काही शिकवायला गेले नाही. शिक्षकी पेशात गप्प राहण्याची वेळ ओळखायला वीस वर्षं लागतात.

तिसऱ्या दिवशी कवरत्ती. तिथली उजरा मशीद पाहिली. तिच्या छताचं लाकडी कोरीवकाम समुद्रात वाहून आलेल्या लाकडाचं आहे, असं सांगतात. त्या छताखाली किती निकाह झाले असतील, आणि त्यांना बेटावरचं कोण कोण साक्षी राहिलं असेल, असा विचार माझ्या मनात येत होता. तिथेच भावा-बहिणीचं आपसात बोलणं झालं. परतीच्या जहाजावर तिने आम्हाला निर्णय सांगितला : निकाह आपल्या मोहल्ल्याच्या मशिदीत.

तिने कारणं मांडली ती अशी. निकाहाला मुळात फार थोडं लागतं. इजाब-कबूल, वली, दोन साक्षीदार, मेहर. दहा मिनिटांत होतो, म्हणून जहाजाच्या थांब्यातही बसू शकतो. पण निकाह जाहीर करावा ही आपल्याला शिकवण आहे, आणि जाहीर करायचा तो ज्यांच्यात आपण राहतो त्यांच्यात. उद्या घरात काही बरं-वाईट झालं तर धावून येणारे साक्षीदार वाळूवरून निघून गेलेले नसावेत. अब्बा गेल्याची तार आली त्या रात्री मोहल्ल्यातल्या बायका आपल्याकडे झोपायला आल्या होत्या, हे तिला आठवत होतं. मला वाटलं होतं, ती लहान होती, विसरली असेल.

दुसरं कारण कागदाचं. नवऱ्यामागे कतारला जायचं तर विवाह नोंदणीचा दाखला हवा, तोही वेळेत. गावात निकाह झाला की काझीसाहेबांची नोंदवही, निकाहनामा, नोंदणी कार्यालय, सगळं हाताशी. वीस दिवसांच्या सुट्टीत हा धोका पत्करण्यात अर्थ नव्हता.

असा बेत कुणाच्या घरात शिजत असेल तर अनुभवावरून चार गोष्टी सांगते. जहाजाच्या थांब्याची छापलेली वेळ ही समुद्राने मंजूर केली तरच खरी. तिच्यातले निम्मे तास हातात धरूनच बेत करा. घरातलं सर्वांत म्हातारं माणूस त्या हलत्या होडीत उतरू शकेल का, हे एजंटला न विचारता स्वतः पाहून या. परवाने प्रत्येक पाहुण्याचे वेगवेगळे लागतात, त्यांतला एक अडकला आणि तो वलीचा असला तर? कागदोपत्री निकाह कुठे नोंदवला जाईल, हे तारीख ठरवण्याआधी विचारा. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणूनही उचलू नका, तो गुन्हा आहे. आणि सगळं जमत असेल, तरी त्या गावातल्या कुणाला तरी आधी भेटा. आमंत्रण द्या. ते आले, तर तो किनारा निकाहाला शोभेल.

डिसेंबरमध्ये एका शुक्रवारी, असरच्या नमाजनंतर आमच्या मशिदीत निकाह झाला. माझा भाचा वली म्हणून बसला. आवाज पहिल्यांदा कापला, मग सावरला. अम्मी घराच्या ओटीवर खुर्चीत बसून होती, मशिदीच्या भोंग्यातला प्रत्येक शब्द ऐकत. मुबारकबादी द्यायला पहिली आली ती शेजारची, जी त्या रात्री आमच्याकडे झोपली होती.

मेहर रोख ठरला होता. मेहर बायकोचा हक्क, त्याचं काय करायचं ते तिने ठरवावं. भाचीने त्यातला एक भाग वेगळा काढून ठेवला आहे. पुढच्या हंगामात अम्मीला, म्हणजे माझ्या बहिणीला, घेऊन ती पुन्हा मिनिकॉयला जाणार आहे, इन्शाअल्लाह. या खेपेला जहाजाच्या थांब्यापुरतं नाही, तिथे दोन रात्री मुक्कामाला. त्या शिक्षिकेला तिने तसं कळवलंही. उत्तर आलं, पाहुणे म्हणून या, आमच्या घरी जेवा.